आंतिग्वाचे वेळापत्रक

वेळापत्रक करण्याची खोड प्राध्यापकांना सुटत नाही. आम्ही दोघेही मराठी शिकवतो, दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत. वीसेक वर्षे तासिकांच्या चौकटी आखण्यात गेल्यामुळे कुठे जायचे ठरले की आमच्या घरी आधी पट्टी आणि पेन्सिल शोधली जाते. या खेपेची चौकट अगदी लहान आहे. भाची ह्यूस्टनला असते. दिवाळीची सुट्टी तिच्याकडे घालवून परतण्यापूर्वी हाती चार रात्री उरतात, आणि त्या मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशातल्या आंतिग्वा या जुन्या स्पॅनिश राजधानीत काढाव्यात असे आमच्या मनाने घेतले आहे. ह्यूस्टनहून तीनेक तासांचे विमान, पुढे चाळीसेक किलोमीटरचा डोंगरातला रस्ता. कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असल्यामुळे तो इथे गाळतो.

आंतिग्वाच का, असे भाचीने विचारले. तिच्या ओळखीचे लोक चार दिवस मिळाले की समुद्रकिनारी जातात. तिला जे खरे उत्तर द्यायचे ते जरा पुस्तकी आहे. एम.ए.च्या वर्गाला 'क्रिस्तपुराण' शिकवताना दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी विद्यार्थी उठून विचारतो, की इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सला मराठीत ओव्या रचाव्याशा का वाटल्या असतील? धर्मप्रसार हे उत्तर खरे आहे, पण ते पुरत नाही. १६१६ साली रायतूरला छापल्या गेलेल्या त्या ग्रंथात भाषेविषयीचा जो लोभ दिसतो तो निव्वळ कर्तव्यातून येत नाही. त्या प्रश्नाच्या पाठीमागे जगभरच्या जेझुइट कवींचा धांडोळा घेताना आम्हांला राफाएल लांदीवार भेटला. १७३१ मध्ये तो याच आंतिग्वात जन्मला. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या सर्व मुलखांतून जेझुइटांना हाकलले, त्यांत तोही इटलीत बोलोन्याला जाऊन पडला, आणि तिथे बसून त्याने 'रुस्तिकातिओ मेक्सिकाना' हे दीर्घ लॅटिन काव्य लिहिले. १७८१ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध झाले, दुसऱ्याच वर्षी वाढवून पंधरा सर्गांचे झाले. त्यात सरोवरे आहेत, नीळ आहे, साखरेचे कारखाने आहेत, गुरेढोरे आहेत, आणि मेक्सिकोत १७५९ साली शेतजमिनीतून उसळून वर आलेला होरुयो नावाचा ज्वालामुखीही आहे. सुरुवातीच्या ओळींत तो आपल्या गावाला आई म्हणून हाक मारतो. ते गाव तोवर कोसळलेले होते, हे त्याला परदेशातच कळले. स्टीफन्सने परक्या भूमीतल्या माणसांसाठी त्यांच्या भाषेत लिहिले. लांदीवारने आपल्या भूमीविषयी लिहिले ते त्याच्या गावात कोणाचीच मायबोली नसलेल्या भाषेत. आम्ही तो इंग्रजी अनुवादातून, तोही तुकड्यातुकड्यांनी वाचला आहे, हे कबूल केलेले बरे. १७९३ मध्ये तो बोलोन्यातच वारला. त्याच्या अस्थी मायदेशी यायला १९५० साल उजाडले. पहिल्या दिवसाच्या चौकटीत आम्ही 'लांदीवारची कबर' असे लिहून टाकले. भाचीने फोनवर मोठ्याने उसासा टाकला.

गावाची कथा मात्र तिलाही आवडली. स्पॅनिशांची याआधीची राजधानी जवळच, एका उंच देखण्या पर्वताच्या पायथ्याशी होती. सप्टेंबर १५४१ मध्ये मोठ्या पावसानंतर त्या पर्वतावरून चिखल, पाणी आणि धोंडे यांचा लोंढा आला आणि राजधानी गाडली गेली. विजेता पेद्रो दे आल्व्हारादो त्याच वर्षी मेक्सिकोत मेला होता. त्याची विधवा बेआत्रीस दे ला क्वेव्हा हिने कारभार हाती घेऊन काही दिवसही झाले नव्हते, ती या लोंढ्यात गेली. तेव्हापासून त्या पर्वताचे नाव आग्वा, म्हणजे पाणी. समोरच्या पर्वताचे नाव फुएगो, म्हणजे आग. १५४३ मध्ये काही किलोमीटरांवर नवी राजधानी वसवली, तीच आजची आंतिग्वा. १७१७ च्या भूकंपाने ती हादरली, २९ जुलै १७७३ च्या भूकंपाने मोडली, आणि १७७६ मध्ये राजधानी दुसऱ्या खोऱ्यात हलवण्यात आली. सगळ्यांना ते पटले नव्हते. आर्चबिशप कोर्तेस इ लारास स्थलांतराच्या विरोधात ठाम उभा राहिला, बरेच लोक पडक्या भिंतींच्या आडोशाने तिथेच राहिले. मागे उरलेल्या गावाला लोक 'ला आंतिग्वा' म्हणू लागले. अर्थ एवढाच: जुनी.

आपल्याकडे जुने गोवे आहे, हे वाचकांच्या एव्हाना लक्षात आले असेल. विशेषणच विशेषनाम झालेली दोन गावे, दोन्ही युरोपीय सत्तांच्या वैभवी राजधान्या, दोन्ही टाकलेल्या. जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. आम्ही विद्यार्थ्यांची सहल घेऊन तिथे जातो तेव्हा सेंट ऑगस्टीनच्या अर्ध्या उरलेल्या मनोऱ्याखाली डबे उघडले जातात, आणि दर वेळी वाटते की इथे चर्च आहेत, हिरवळ आहे, पण सायंकाळी दिवा लावणारे घर नाही. आंतिग्वात तसे झाले नाही. तिथे भग्न कॅथीड्रलच्या पलीकडच्या गल्लीत लोक राहतात, शाळा भरते, बाजार भरतो. १७६७ मध्ये पूर्ण झालेले ला मेर्सेद हे पिवळे चर्च भूकंपाच्या धाकाने मुद्दाम ठेंगणे आणि जाडजूड बांधले होते. सहाच वर्षांनी भूकंप आला आणि ते टिकले. दुसऱ्या दिवसाची सकाळ आम्ही त्याला दिली आहे. सांता कातालिनाच्या कमानीला, जिच्यातून जोगिणी रस्त्यावरच्यांच्या नजरेस न पडता पलीकडे जात, पंधरा मिनिटे. तिची छायाचित्रे इतकी पाहून झाली आहेत की पंधरा पुष्कळ.

येथवर वेळापत्रक सुरळीत चालले. अडले ते तिसऱ्या दिवसापाशी.

आंतिग्वाला जाणारे बहुतेक लोक आकातेनांगो चढायला जातात. हा ३९७६ मीटर उंचीचा ज्वालामुखी १९७२ नंतर शांत आहे, आणि फुएगो त्याला खेटून उभा आहे. ला सोलेदाद या गावातून सकाळी चढायला लागायचे, पाच-सहा तासांनी साधारण ३६०० मीटरवरच्या तळावर पोचायचे, रात्र तिथे काढायची आणि समोरचा फुएगो पाहायचा. तो कित्येक वर्षे दर पंधरा-वीस मिनिटांनी धूर, राख आणि रात्री लाल निखारे उडवत आला आहे. मधूनच गप्पही बसतो, तेव्हा लोक हिरमुसून उतरतात म्हणे. आपल्या मापाने सांगायचे तर कळसूबाई १६४६ मीटर, आणि आंतिग्वाचा चौकच दीड हजार मीटरवर आहे. म्हणजे आपले सर्वांत उंच शिखर संपते जवळपास तिथे त्यांचे गाव सुरू होते. थंडीही गमतीची नाही. जानेवारी २०१७ मध्ये याच आकातेनांगोवर सहा गिर्यारोहक गारठून मेले. अर्धा दिवसच असेल आणि दम कमी असेल तर २५५२ मीटरचा पाकाया आहे. तिथे धापा टाकणाऱ्यांच्या मागे घोडेवाले 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत चालतात.

आम्ही डोंगर चढणारे आहोत. महाविद्यालयाच्या हौशी मंडळाबरोबर सह्याद्रीतले पन्नासेक किल्ले पाहून झाले असतील. ज्या काळ्या दगडावर आयुष्यभर चढलो तोही कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हाच आहे, हे भूगोलाचे सहकारी दर सहलीत सांगतात आणि आम्ही दर सहलीत नव्याने चकित झाल्याचे दाखवतो. तेव्हा जिवंत ज्वालामुखी एकदा पाहावा हे ओघानेच आले. अडचण अशी की आमच्यातल्या ज्याला जायचे आहे त्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून नाही म्हणतो, आणि जिचे गुडघे धड आहेत तिला जायचे नाही.

तिचे न जाण्याचे कारण खालापूर तालुक्यात आहे. इर्शाळगडाला आम्ही मुलामुलींना घेऊन तीनदा गेलो. वाट इर्शाळवाडीतून जाते. वाडी ठाकरांची, वर जायला गाडीरस्ता नाही. तिथल्या एका घरी तिन्ही वेळा पिठले-भाकरी खाल्ली. दुसऱ्या वेळी त्या घरच्या बाईंनी आमच्यातल्या एकीला ओळखले आणि 'बाई, औंदा पोरी कमी आनल्या' म्हणून विचारले. १९ जुलै २०२३ च्या रात्री पावसात डोंगराचा भाग वाडीवर आला. २७ मृतदेह मिळाले. शोध थांबवला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. वर्तमानपत्रांतल्या याद्या आम्ही वाचल्या. उपयोग नव्हता, कारण आम्हांला त्या बाईंचे नाव माहीत नव्हते. तीनदा त्यांच्या चुलीपुढे बसून जेवलो, पैसे विचारून दिले, आणि नाव विचारायचे राहिले. त्यानंतर किल्ल्याच्या सहली आम्ही दोघांनीही बंद केल्या. एकाने गुडघ्याचे निमित्त सांगितले, दुसरीने काहीच सांगितले नाही.

आता फुएगोविषयी वाचायला बसलो आणि पुन्हा तिथेच आलो. ३ जून २०१८ ला फुएगोचा मोठा उद्रेक झाला. तापलेली राख, वायू आणि दगड यांचा प्रवाह आग्नेयेकडच्या घळीतून खाली धावला आणि सान मिगेल लोस लोतेस हे गाव त्याखाली गेले. मृत आणि बेपत्ता यांची संख्या शेकड्यांत आहे. जवळच गोल्फचे मैदान असलेले एक आलिशान विश्रामस्थान होते. तिथल्या पाहुण्यांना वेळेत हलवण्यात आले. गावाला सूचना कधी मिळाली, मिळाली की नाही, यावर नंतर खूप वाद झाला. मार्च २०२५ मध्ये आणि पुन्हा जूनमध्ये डोंगर उसळला तेव्हा आसपासच्या लोकांना वेळेवर बाहेर काढले गेले, म्हणजे कोणीतरी काहीतरी शिकले. आकातेनांगोचा तळ फुएगोच्या उत्तरेला आहे. लोस लोतेसची बाजू तिथून दिसत नाही.

या शेवटच्या वाक्यावर आमचे भांडण झाले. भांडण म्हणजे आमच्या पद्धतीचे, चहा निवेपर्यंतचे. एकीचे म्हणणे, की ज्या आगीखाली गाव गेले ती पाहायला ब्लँकेटे गुंडाळून समोर बसायचे आणि प्रत्येक स्फोटाला टाळ्या पिटायच्या, हे आपल्याच्याने होणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, की ला सोलेदादच्या लोकांचे पोट त्या टाळ्यांवर चालते; वाटाड्ये, ओझी वाहणारे, गरम कोट भाड्याने देणारे, रात्रीचे जेवण रांधणारे सगळे तिथलेच. आपण गेलो नाही म्हणून लोस लोतेसला काय मिळाले? इर्शाळगडाला जाणे बंद केले, त्यानेही कोणाचे भले झाले असे ऐकिवात नाही. यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जायचे तर मग वाटाड्याचे नाव आधी विचारून घ्या. आणि रांधणाऱ्या बाईचेही."

हे वाचायला सोपे आहे. विचारताना आम्हांला घाम फुटला. आमचे स्पॅनिश म्हणजे एका पाठ्यपुस्तकाचे सहा धडे. आंतिग्वाच्या भोवतालच्या खेड्यांतून काक्चिकेल ही माया भाषाही बोलली जाते, तिचे आम्हांला अक्षर येत नाही. आकातेनांगो हे नाव तर तिसऱ्याच भाषेतले, स्पॅनिशांबरोबर मेक्सिकोहून आलेल्या सैनिकांच्या नाहुआत्लमधले. म्हणजे डोंगराचे नकाशावरचे नावही बाहेरच्यांनी ठेवलेले. चढाईची व्यवस्था करणाऱ्या मंडळींना आम्ही सहा धड्यांच्या बळावर लिहिले, की आम्ही दोघे शिक्षक आहोत, आमच्याबरोबर कोण येईल आणि वर स्वयंपाक कोण करील त्यांची नावे कळवावीत. उत्तरात किती जण येणार, शाकाहारी किती आणि गरम कोटांची मापे काय, एवढेच विचारले होते. आम्ही पुन्हा लिहिले. चार दिवसांनी दोन नावे आली, एक वाटाड्याचे आणि एक त्याच्या आईचे. स्वयंपाक ती खाली घरीच करते, तो वर नेऊन गरम करतो, असा खुलासा होता. ती नावे इथे लिहीत नाही. ती त्यांची आहेत.

तूर्त वेळापत्रकाची स्थिती अशी. पहिला दिवस लांदीवार, दुसरा ला मेर्सेद आणि पडझड झालेले मठ. पाकायासाठी चौथ्या दिवसाची सकाळ, दोघांची. गुडघ्याने कुरकुर केली तर घोडा. तिसऱ्या दिवशी आकातेनांगोसाठी एकाच व्यक्तीची आगाऊ रक्कम भरली आहे आणि कोण जाणार ते कळवलेले नाही. वाटाड्याच्या आईच्या घरी, ला सोलेदादला, दुपारी जेवायला येता येईल का, असे तिसऱ्या पत्रात विचारले आहे. म्हणजे जो वर जाणार नाही त्यालाही तिथवर जाता येईल. त्याचे उत्तर यायचे आहे. लोकरीच्या टोप्या मात्र दोन घेतल्या, तुळशीबागेत, घासाघीस करून.