रामशेजची टीम

दोस्तांनो, कॉम्प्युटरवर फुटबॉलचे खेळ दोन तऱ्हेचे असतात. एका खेळात बॉल तुम्हीच मारायचा, बटणं दाबून दाबून अंगठे दुखवून घ्यायचे. दुसऱ्या खेळात तुम्ही बॉलला शिवतसुद्धा नाही. तुम्ही असता मॅनेजर! कोणाला खेळवायचं, कुठे उभं करायचं, कोणाला काय काम द्यायचं, एवढंच तुमच्या हातात. मॅच सुरू झाली की मैदानाबाहेर उभं राहून नखं खायची! १९९२ साली इंग्लंडमध्ये कोलियर आडनावाच्या दोन भावांनी ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ नावाचा असा खेळ बाजारात आणला. त्याचाच वंश आज ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने चालू आहे.

या खेळात पडद्यावर हिरवं मैदान दिसतं आणि त्यावर तुमचे अकरा खेळाडू मांडायचे असतात. या मांडणीला म्हणतात फॉर्मेशन. ४-४-२ म्हणजे मागे बचावाला चार, मध्ये चार आणि पुढे गोल करायला दोन. गोलकीपर या आकड्यात धरत नाहीत, तो बिचारा आपला असतोच.

आता बहुतेक मुलं काय करतात? आपल्या लाडक्या क्लबाचं फॉर्मेशन जसंच्या तसं उचलतात. आणि मग पाच-शून्यने मार खातात! फॉर्मेशन तर तेच होतं, मग बिघडलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण आज एका किल्ल्यावर जाऊ. हो, किल्ल्यावरच! नाशिकहून पेठच्या रस्त्याने साधारण पंधरा किलोमीटर गेलं की आशेवाडी गाव लागतं. गावाच्या डोक्यावर उभा आहे रामशेज. वनवासात असताना प्रभू रामचंद्र इथे विश्रांती घेत, ही त्यांची शेज, म्हणून रामशेज, असं लोक सांगतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे एका किल्लेदाराला आपली टीम उभी करावी लागली होती. त्या खेळात हरलं की पुन्हा ‘न्यू गेम’चं बटण नव्हतं.

आधी मैदान बघा

रामशेज लांबून बघितला की थोडी निराशाच होते. साल्हेरसारखा तो ढगात घुसलेला नाही. भोवती दाट जंगल नाही, अवघड घाट नाही. बऱ्यापैकी मोकळ्या मुलखात एकटाच उभा असलेला आटोपशीर डोंगर. ‘हा जिंकायला किती वेळ लागणार?’ असंच कोणालाही वाटेल.

पण चढायला लागा, म्हणजे मत बदलेल. सुरुवातीची वाट सोपी आहे. तासाभरात आपण वर पोचतो. वाटेत कड्याच्या पोटात गुहेतलं राममंदिर लागतं, शेजारी गार पाण्याचं टाकं आहे. खरी गंमत त्यानंतर. वर जाणारी वाट कातळाला चिकटून अरुंद होत जाते आणि दरवाजा असा आडोशाला लपलेला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत नीट दिसत नाही. वर गेलं की माथा बराच सपाट. भवानीमातेचं देऊळ, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि कडेला उभं राहिलं की खाली दिंडोरीच्या बाजूची शेतं, द्राक्षांचे मळे, शेजारचा भोरगड. खालचं सगळं वरून दिसतं, वरचं खालून काहीच दिसत नाही.

आता मॅनेजर होऊन विचार करा. चहूबाजूंनी कडा, नीट वर येणारी वाट एकच. मग सगळी माणसं तटावर सारखी पसरायची का? नाही! वाटेवर थोडीच, पण पक्की माणसं हवीत. बाकीच्या कड्यांवर नजर ठेवणारे, कान उघडे ठेवणारे पहारेकरी हवेत. आणि काही माणसं हाताशी मोकळी हवीत, जिथे गडबड होईल तिथे धावायला. म्हणजे मांडणी मैदानाने सुचवली. फुटबॉलमध्येही तेच. मैदान अरुंद आणि चिखलाचं असेल, तर कडेने सुसाट पळणारे दोन विंगर घेऊन तुम्ही करणार काय?

गर्दी म्हणजे ताकद नव्हे

१६८१ साली बादशहा औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला आणि १६८२ मध्ये त्याच्या फौजेने रामशेजला वेढा घातला. सेनापती होता शहाबुद्दीन खान. खाली हजारोंची फौज, तोफा, दारूगोळा, हत्ती-घोडे. वर मराठ्यांची शिबंदी सहाशेच्या आसपास होती असं सांगतात.

कागदावर ही मॅच एकतर्फी! पण ती अरुंद वाट आठवा. खाली माणसं हजारो असली, तरी त्या वाटेने एका वेळी वर येणार किती? मूठभरच.

फुटबॉलच्या इतिहासात याची एक मजेदार जोड आहे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात दोन देशांमधली पहिली अधिकृत मॅच ग्लासगोला झाली. इंग्लंडने पुढच्या फळीत तब्बल आठ जण उभे केले होते, स्कॉटलंडने सहा. एवढे सगळे गोल करायला टपलेले, मग किती गोल झाले असतील? शून्य-शून्य! एकाच दारापाशी आठ जण घुसायला लागले की दार बंदच राहतं.

आहे त्यातून भागवा

गडावर एक मोठी उणीव होती. लोखंडी तोफा नव्हत्या. आता किल्लेदार रडत बसला असता, ‘मला तोफा द्या, मग मी लढतो’ म्हणाला असता, तर? पण त्याने गडावर काय नाही याची यादी करण्याऐवजी काय आहे ते बघितलं. लाकूड होतं, कातडं होतं. त्यांतूनच त्याने लाकडी तोफा बनवल्या! आणि त्या चालल्यासुद्धा. हे आपण नाही सांगत बरं का, मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान सांगतो. अशी एकेक तोफ दहा तोफांचं काम करी, असं त्याने लिहून ठेवलंय. शत्रूने केलेलं कौतुक हे खरं कौतुक!

मॅनेजरच्या खेळात प्रत्येक खेळाडूच्या गुणांना वीसपैकी मार्क असतात. वेग, पास देणं, उडी, धाडस, सगळ्याला. समजा, तुमच्या टीममध्ये उंच, धिप्पाड असा कोणी नाही. तरी तुम्ही हट्टाने उंच उंच बॉल पुढे मारायला सांगितलंत, तर तो फुकट जाणार. तुमच्याकडे ठेंगणी पण चपळ पोरं असतील, तर बॉल जमिनीवरून खेळवा. लाडक्या क्लबाचं फॉर्मेशन उचलणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं. त्यांनी आकडे उचललेले असतात, माणसं नाहीत.

ढोल कोण वाजवणार?

शहाबुद्दीन खानाने मोर्चे बांधले, उंच दमदमा उभा करून बघितला. गड काही हलेना. मग बादशहाने बहादूरखानाला पाठवलं. हा जुना, मुरलेला सरदार. त्याने एक झकास युक्ती काढली.

रात्रीच्या वेळी एका बाजूला छावणीतले नोकर-चाकर, बाजारबुणगे, ढोल-नगारे जमवून प्रचंड गोंगाट सुरू करायचा. मराठ्यांना वाटणार, हल्ला इथूनच! सगळे तिकडे धावणार. आणि दुसऱ्या बाजूने निवडक दोनशे शूर शिपाई मुकाट्याने कडा चढणार.

युक्ती चांगलीच होती. पण किल्लेदार तिच्यापेक्षा हुशार निघाला. त्याने डाव ओळखला आणि काय केलं माहीत आहे? जिकडे खोटा गोंगाट चालला होता, तिकडे त्यानेही आपले ढोल, शिंगं वाजवणारे पाठवले. ‘आलो, आलो!’ असा आरडाओरडा करायला लावला. आणि जिथून खरे शिपाई चढत होते, तिथे आपले पट्टीचे लढवय्ये हत्यारं घेऊन गुपचूप बसवले. अंधारात पहिली डोकी कड्यावर दिसली मात्र, वरून मारा सुरू झाला. चढणारे कोसळले, मागून येणाऱ्यांना घेऊन खाली गेले.

या रात्रीचा हीरो कोण? तलवार चालवणारे तर खरेच. पण मला विचाराल तर ढोल वाजवणारेही! त्यांच्या हातून एकही शत्रू पडला नाही. पण त्यांनी आपलं काम चोख केलं नसतं, तर बहादूरखानाला संशय आला असता आणि सगळा डाव फसला असता.

फुटबॉलमध्ये अशा कामाला फार मोल असतं. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं हरवलं. हंगेरीच्या हिदेगकुटीच्या पाठीवर नऊ नंबर होता. त्या काळी नऊ नंबर म्हणजे सगळ्यांत पुढे उभा राहणारा. पण हा गडी मागे मागे सरकून खेळायला लागला. इंग्लंडच्या जॉन्स्टनला कळेना, याच्या मागे जावं की आपली जागा राखावी! मागे गेलं तर बचावात भगदाड पडतं, नाही गेलं तर हा मोकळा सुटतो. हिदेगकुटीने स्वतः तीन गोल केले, शिवाय इतरांना वाट करून दिली ती वेगळीच. आकडा म्हणजे जागा, पण भूमिका म्हणजे काम. एकाच जागेवरचा खेळाडू वेगळं काम करू लागला की सगळी मॅच बदलते.

तेव्हा शाळेच्या टीममध्ये तुम्हाला गोल करायला न मिळता नुसतं पळून समोरच्याला ओढून न्यायचं काम मिळालं, तर तोंड पाडू नका. तुम्ही रामशेजचे ढोलवाले आहात!

सोन्याच्या सापाची गोष्ट

खाफीखानाने एक विनोदी गोष्टही सांगितली आहे. काही केल्या गड मिळेना, तेव्हा मोगल छावणीतला एक जण म्हणाला, मी मंत्रतंत्र जाणतो. मला सोन्याचा साप करून द्या, तो हातात धरून मी सगळ्यांना वर नेतो. दिला करून! शंभर तोळे सोन्याचा! हा बहाद्दर साप घेऊन पुढे निघाला. अर्ध्या वाटेवर वरून गोफणीचा एक धोंडा सणसणत आला आणि त्याला लागला. साप एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे!

मॅनेजरच्या खेळातही मुलं सोन्याचा साप शोधत असतात. ‘हमखास जिंकणारं फॉर्मेशन कोणतं?’ असं विचारत फिरतात. असा साप नसतो, दोस्तांनो. समोरच्याकडे गोफण असतेच.

जे पडद्यावर दिसत नाही

संभाजी महाराजांनी गडाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना त्यांनी वेढ्यावर बाहेरून हल्ला करायला पाठवलं होतं. आत लढणाऱ्यांना ठाऊक होतं, आपल्या पाठीशी कोणीतरी आहे. एक सेनापती गेला, दुसरा आला, तोही गेला. वर्षांमागून वर्षं गेली, रामशेज उभाच.

शेवटी १६८७ च्या सुमारास गड मोगलांकडे गेला. पण कसा? तोफांनी नाही, शिड्यांनी नाही. पैशांच्या थैलीने! आतून फितुरी झाली आणि दरवाजा उघडला. मैदान तेच होतं, वाट तितकीच अरुंद होती, कडे तितकेच उंच होते. बदललं होतं ते माणसाचं मन.

गंमत म्हणजे ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये निष्ठा हासुद्धा खेळाडूचा एक गुण आहे. पण वेग किंवा पासिंगचे मार्क जसे पडद्यावर दिसतात, तसे निष्ठेचे दिसत नाहीत. ते लपवलेले असतात. खेळाडूच्या वागण्यावरून मॅनेजरने ओळखायचे. खेळ बनवणाऱ्यांनी हे मात्र अगदी रामशेजसारखं केलंय!

तर मित्रांनो, सुट्टीत नाशिकला आलात की पंचवटी, काळाराम मंदिर बघालच, पण एक सकाळ रामशेजसाठी राखून ठेवा. मोठ्यांना बरोबर घ्या. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, तेव्हा बूट चांगले हवेत. टाक्यांत कागद, पिशव्या टाकू नका. आणि एक वही-पेन्सिल न्या. माथ्यावर बसून गडाचा नकाशा काढा. तुमच्या वर्गातली अकरा मुलं-मुली घ्या आणि कोणाला कुठे उभं कराल ते नावं घालून लिहा. दरवाजावर कोण? कड्यावर कोण? मोकळं कोण?

आणि हो, ढोल कोणाच्या हातात द्याल, ते नाव सगळ्यांत आधी लिहा. ज्याच्यावर तुमचा पक्का भरवसा आहे, त्याचंच!