धम्मकार्य आणि तीन पाळणे

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये धम्मप्रचार करतो, असे आमच्या पनवेलमध्ये अभिमानाने सांगितले जाते. मागे तो सुट्टीवर आला तेव्हा त्याचा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांचा ग्रंथ, सगळे रीतसर. सातासमुद्रापार बुद्धाचा धम्म नेणारा आपला सुपुत्र, असे एक वक्ते म्हणाले. टाळ्याही वाजल्या. भावजय मागच्या रांगेत बसली होती. एक मूल तिच्या मांडीवर, दुसरे खांद्यावर, तिसरे माझ्याकडे. तिचे नाव कोणी घेतले नाही. या लेखाला कारण झाले ते एवढेच.

भावाची तिन्ही मुले तिळी आहेत. दोन मुली आणि एक मुलगा, डिसेंबर 2022 मध्ये तेहतिसाव्या आठवड्यात जन्मलेली. एकाचेही वजन दोन किलोच्या वर नव्हते. आई नाही, सासूबाई आजारी. मग उरली आत्या. मी चार महिन्यांची अर्जित रजा आणि वर बिनपगारी रजा टाकली, सहा महिन्यांचा व्हिसा काढला आणि एप्रिल 2023 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या त्यांच्या घरी पोहोचले. कचेरीत साहेबांनी विचारले, "बाई, फिरायला?" मी म्हटले, "नाही साहेब, ड्युटीवर."

मी बी. कॉम. झालेली बाई. बावीस वर्षे आवक-जावक आणि हिशोबाची रजिस्टरे सांभाळते. तिथे गेल्यावर पहिल्याच रात्री लक्षात आले, की कोणाला दूध दिले आणि कोणाला नाही याचा मेळ लागत नाही. एकाला दोनदा, दुसऱ्याला शून्य. दुसऱ्या दिवशी वही आणली, तीन रकाने आखले. वेळ, दूध, डायपर, औषध. ओळख पटावी म्हणून मनगटांना दोरे बांधले. धम्मध्वजातलेच रंग घेतले. थोरलीला निळा, मधलीला पिवळा, धाकट्याला तांबडा. सोळाव्या आठवड्याच्या लसीला नेले तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी दोरे पाहून विचारले, हे धार्मिक आहे का? भावजय म्हणाली, "नाही, हे कारकुनी आहे."

आठवड्याने मी वहीची बेरीज केली. दिवसाला अठरा बाटल्या. पाजणे, ढेकर काढणे, बाटली धुऊन उकळणे धरून एकीला अर्धा तास. झाले नऊ तास. वीस-बावीस डायपर, त्यांचे दोन तास. आंघोळी आणि कपडे धरले तर बारा तासांच्या पुढे. भाऊ तिथल्या सरकारी रुग्णालयात नर्स आहे. त्याची पाळीही साडेबारा तासांची असते, पण आठवड्यातून तीन किंवा चार दिवस. भावजयीची रोज, आणि रात्रीची वेगळी. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. मुलांना रात्र झाली हे पटतच नाही. खिडक्यांना जाड काळे पडदे लावले तेव्हा कुठे थोडे निभावले.

आता भावाच्या कामाविषयी सांगते, कारण ते काम खरे आहे आणि मला ते कमी लेखायचे नाही. आपल्या धम्मात पगारी मिशनरी नाहीत. तो सुट्टीच्या रविवारी भाड्याच्या सभागृहात मुलांचा वर्ग घेतो. येणारी कुटुंबे बहुतेक पंजाबी. 1950 आणि 60 च्या दशकांत त्या भागातल्या ओतशाळांत कामाला आलेल्या आपल्या बांधवांची ही नातवंडे-पतवंडे. मराठी एक अक्षर येत नाही, पण दारातच "जयभीम" म्हणतात तेव्हा आपल्या आळीतच आल्यासारखे वाटते. वुल्व्हरहॅम्प्टनला त्यांनी उभारलेला बुद्ध विहार आहे. तिथे बाबासाहेबांच्या स्मृती जपलेल्या आहेत. वर्गाची गरज काय, असे मला आधी वाटले होते. तोच एका दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "माझ्या मैत्रिणीने विचारले तुझी जात कोणती, तर काय सांगायचे?" जात तिथेही सामानाबरोबर गेली आहे. समानतेच्या कायद्यात तिचा उल्लेख यावा म्हणून तिथल्या आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे झगडा केला. 2013 मध्ये संसदेने तशी तरतूद केली आणि 2018 मध्ये सरकारने ती अमलात आणणार नाही असे जाहीर केले. तेव्हा हा वर्ग हवाच.

पण वर्गाचे दोन तास भाऊ घरातून मोकळा निघतो, ते कोणाच्या जिवावर?

हा प्रश्न जुना आहे. आपल्याच मुंबईचा इतिहास पाहा. अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत आला. तो मराठी शिकला, शाळा काढल्या. ख्रिस्ती मिशनच्या इतिहासात त्याचे नाव मोठे आहे. त्याची पत्नी मार्गारेट 1825 मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, कारण इथल्या हवेत मुले जगण्याची खात्री नव्हती. थोरला मुलगा जहाजावरच वारला. पुढच्याच वर्षी, मार्च 1826 मध्ये, गॉर्डन हॉल नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेला. मुलगा गमावून समुद्रापलीकडे पोचलेल्या त्या बाईला ही बातमी काही महिन्यांनी मिळाली असेल. आपला धर्म वेगळा, त्यांच्या कामाविषयी आपले मतही वेगळे असू शकते. पण त्या बाईचे दुःख मला परके वाटत नाही.

आपल्याकडेही पाहा. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला गेली, हे आपण प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. तिला सुमन नावाचा मुलगा होता, हे किती जण सांगतात? महावंसात नोंद आहे. तो लहानपणीच श्रामणेर झाला आणि मामा महिंदाबरोबर आईच्या आधीच लंकेला गेला. आई मागून गेली ती अनुला राणीला आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांना दीक्षा द्यायला. बाईला दीक्षा द्यायला बाईच लागते, म्हणून खुद्द राजाची मुलगी बोलवावी लागली. हे वाक्य मी भावजयीला वाचून दाखवले तेव्हा ती बाटली उकळत होती.

ती मुंबई विद्यापीठाची पालीची एम. ए. आहे. भाऊ वर्गात जे शिकवतो, त्यातले बरेचसे आदल्या रात्री तिला विचारून जातो. एकदा ती शांतपणे म्हणाली, "ताई, लोक ह्यांना धम्मप्रचारक म्हणतात आणि मला तिळ्यांची आई."

ऑगस्टमध्ये आम्ही लंडनला गेलो. किंग हेन्रीज रोडवरचे 10 क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब 1921-22 मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये घेतले. तीन मुलांची लांबलचक ढकलगाडी घेऊन आगगाडीत चढणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्या घरात भाऊ ग्रंथांपाशी हात जोडून उभा राहिला. मला मात्र तिथे परळची बीआयटी चाळ दिसत होती. त्याच वर्षांत माता रमाई तिथे संसार ओढत होत्या. त्यांची चार मुले गेली. शेवटचा राजरत्न 1926 च्या जुलैमध्ये. लंडनच्या त्या खोलीतला अभ्यास आणि परळच्या त्या खोलीतली चूल यांचा हिशोब एकाच वहीत मांडायला हवा, असे मी भावाला तिथेच म्हटले. तो काही बोलला नाही. परतीच्या गाडीत धाकट्याला त्याने स्वतःहून मांडीवर घेतले.

त्यानंतरच्या रविवारी वर्ग भावजयीने घेतला. मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले, म्हणजे घरी भाऊ एकटाच. तिने सुनीत थेराची गोष्ट सांगितली. राजगृहाचे रस्ते झाडणारा, लोकांना पाहून भिंतीला चिकटून उभा राहणारा सुनीत आणि त्याच्यासाठी थांबलेले भगवान बुद्ध. तिने मुलांना भिंतीला चिकटून उभे राहायला सांगितले आणि विचारले, कसे वाटते? ती जातीचा प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ भिंतीपाशीच उभी राहिली. मागे बसलेल्या एका पंजाबी आजीने डोळे पुसले. तिचा नवरा ओतशाळेत होता. जाताना तिने भावजयीच्या डोक्यावर हात ठेवून विचारले, "बेटी, इतने दिन कहाँ थी?"

घरी आलो तर भाऊ मुलांना ढकलगाडीत घालून बागेला चक्कर मारत होता. पाचवी चक्कर, असे त्याने सांगितले. दूध तिघांना मिळाले होते. वहीत नोंदी होत्या, फक्त निळ्याच्या रकान्यात पिवळ्याचे औषध होते.

सप्टेंबरअखेर मी परत आले आणि पुन्हा आवक-जावक सुरू झाली. आमच्या महिला मंडळाच्या अंदाजपत्रकात या वर्षी मी एक नवे खाते सुचवले आहे, "शिबिरकाळातील बालसंगोपन". म्हणजे शिबिराला येणाऱ्या बायांची पोरे सांभाळणाऱ्या बाईला मानधन. परदेशी मिशनने आपल्या माणसांच्या मुलांसाठी वेगळा भत्ता ठेवला होता, आपल्याला चारशे रुपये जड का व्हावेत? खजिनदार म्हणतात, असे खाते कधी नव्हते. पुढच्या बैठकीत ते मताला टाकायचे आहे.

इंग्लंडात आता एक रविवार त्याचा आणि एक तिचा आहे. मुले धावू लागली, दोऱ्यांची गरज उरली नाही. तरी भाऊ आपल्या रविवारी वही लिहितो आणि पानाचा फोटो मला पाठवतो. बेरीज अजून चुकते. मी लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवते.