चिंचेने घासलेला रुपया

पैसे देऊन पैसेच विकत घेणारी माणसे जगात असतात, हे मला 2016 साली दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात समजले. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरत असे. खिशात बोनसपैकी पाच हजार रुपये होते आणि रुमालात आईच्या लक्ष्मीपूजनाच्या डबीतले अकरा बंदे रुपये. आईला ते आम्हा तिघा भावंडांत वाटायचे होते. अकरा रुपये आणि तीन वाटेकरी! शिवाय त्यातला एखादाच मोलाचा निघाला तर तो कुणाचा? म्हणून वडिलांचे आतेभाऊ अण्णा यांना मी गाठले. टपालखात्यातून निवृत्त झालेले अण्णा चाळीस वर्षे नाण्यांच्या नादी लागलेले होते.

कुलपे, किल्ल्या, बंद घड्याळे, पितळी बंब, कुणाकुणाच्या नाकावरून उतरलेले चष्मे यांतून वाट काढीत आम्ही एका पोत्यापाशी थांबलो. त्यावर तांब्याच्या नाण्यांचा ढीग होता. मी झडप घातली. ‘अण्णा, शिवराई! शिवाजीमहाराजांच्या वेळची!’

‘महाराजांच्या नावाची म्हण,’ अण्णा म्हणाले. ‘राज्याभिषेक 1674 चा. पण शिवराई पेशवाईतही पडत होती आणि पुढे इंग्रजी अमदानीतही पडली. ही दोन रेघांची दुदांडी तर घरोघर असायची. अरे, म्हातारी झाली म्हणून सगळीच माणसं ऋषी होत नाहीत. शिवरायांचा सोन्याचा होन दिसला, तर मात्र मला हाक मार.’

तोच न्याय भोकाच्या पैशाला. युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी 1943 पासून तो काढला आणि इतका काढला, की आजही पोत्यात पडलेला असतो. राणीच्या 1862 च्या रुपयाचेही तसेच. टांकसाळी पुढे कित्येक वर्षे तेच साल छापीत राहिल्या. खरे वर्ष बारीक ठिपक्यांवरून ताडायचे. नाणे किती जुने यापेक्षा ते किती उरले आणि मागणारे किती, हा हिशेब मोठा.

एवढ्यात पोतेवाल्याने आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया! याची कीर्ती मीही ऐकून होतो. जुन्या कसाच्या चांदीचा हा शेवटचा रुपया, आणि बाजारात क्वचितच दिसणारा. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. मी पाच हजारांना हात घातला. अण्णांनी राजाच्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी रुपया आडवा धरला, कडेवरून नख फिरवले आणि परत दिला. चार पावले गेल्यावर म्हणाले, ‘कडेच्या रेघांमधून खाच फिरलीय. ती 1940 नंतरच्या रुपयांना असते. मागचा आकडा कुणीतरी कोरून बदललाय.’

माझे पाच हजार वाचले. (पुढे घरबसल्या जुन्या नाण्यांचे लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिराती इतक्या बोकाळल्या, की 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावे लागले. पुडीवाला निदान समोर तरी बसला होता.)

चहाच्या दुकानात मी रुमाल सोडला. अण्णांनी एकेक रुपया कडेला धरून पाहिला. मधोमध बोट लावले नाही. नवव्यावर थांबले. ‘पाचवा जॉर्ज. 1911!’

त्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती आहे. पण सोंड इतकी आखूड, की लोकांना ते डुक्कर वाटले. गवगवा झाला आणि सरकार हादरले. पाडलेल्या सुमारे 94 लाखांपैकी जेमतेम 7 लाख बाहेर पडले होते; बाकीचे वितळवले. 1912 च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड आली.

मी मनातल्या मनात वाटणी करू लागलो होतो. अण्णांनी भिंग खाली ठेवले. ‘हा कशानं घासता रे?’

‘आई दर दिवाळीला घासते. चिंच आणि रांगोळी.’

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. राजाची दाढी गुळगुळीत झाली होती, हत्ती कुठे संपतो आणि झगा कुठे सुरू होतो ते कळत नव्हते, आणि सगळ्यावर ओरखड्यांचे जाळे. ‘चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळपट रंग हाच त्याचा जन्मदाखला,’ अण्णा म्हणाले. ‘संग्राहक पैसे मोजतो ते त्याला. आता हातात उरली ती तोळाभर चांदी. सोनार देईल तो भाव.’

धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. त्याचा वाटा पाठवायचा कसा, असे मी विचारले. शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही तेव्हाच कळले. परतताना अण्णांनी मला एकच खरेदी करू दिली. कंपनी सरकारचा 1835 चा पाव आणा, दीडशे रुपयांना. साधाच, पण जांभळाच्या सालीसारखा तपकिरी आणि कुणाचाही हात न लागलेला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईने चिंच भिजत घातलीच होती. मी सगळे सांगितले. तिने 1911 चा रुपया उचलून खिडकीपाशी नेला.

‘माझ्या सासूबाईंनीही असाच घासलाय हा,’ ती म्हणाली. ‘मग काय, आता हात लावायचा नाही?’

‘पन्नास वर्षं तरी नाही, म्हणाले अण्णा.’

तिने तो मऊ फडक्यात गुंडाळला आणि माझ्या बहिणीच्या मुलीच्या नावाने बाजूला ठेवला. तिघांचे तीन-तीन मोजले. धाकट्याचे पुन्हा डबीतच टाकले. उरलेला एक देवीचा. मग बाही वर करून ती ते दहाच्या दहा रुपये चिंचेने घासायला बसली.