निरोगी मुलांसाठी बांधलेली शाळा

अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या दक्षिण भागात क्लिओस्ट्राट नावाचा एक शांत रस्ता आहे. दुतर्फा विटांची उंच घरे आणि त्यांना टेकून ठेवलेल्या सायकली. या घरांच्या रांगेत एका ठिकाणी ठेंगणी प्रवेश-इमारत लागते. तिच्यातून आत नजर टाकली की चारी बाजूंनी घरांनी वेढलेले अंगण आणि त्यात तिरपी उभी असलेली काच-काँक्रीटची शाळा दिसते. यान डाउकर या वास्तुरचनाकाराची ही कृती १९३० साली पूर्ण झाली. ती आज संरक्षित वास्तू आहे, आणि तिच्यात मुलांची शाळाही भरते.

तिचे मूळ नाव ‘निरोगी मुलासाठी पहिली मोकळ्या हवेची शाळा’ अशा अर्थाचे आहे. त्यातल्या ‘निरोगी’ या शब्दापाशी वैद्यकीय व्यवसायातला माणूस थबकल्याशिवाय राहत नाही. कारण मोकळ्या हवेच्या शाळा मुळात आजारी मुलांसाठी निघाल्या. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, पण त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात हवा, ऊन, विश्रांती आणि सकस आहार एवढीच काय ती भिस्त. १९०४ मध्ये बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी झाडीत शाळा सुरू झाली आणि ती कल्पना युरोपभर पसरली. आपल्याकडेही पाचगणीच्या त्याच हवेत निवासी शाळा आणि क्षयरुग्णालय अशी दोन्ही वसली, हा योगायोग नव्हे. अ‍ॅमस्टरडॅमच्या मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला: जे अशक्त मुलाला मानवते, ते देण्यासाठी निरोगी मूल आजारी पडण्याची वाट का पाहायची?

शाळा चालू असल्यामुळे आम्ही ती बाहेरूनच पाहिली. मुलांच्या दिनक्रमात पाहुण्यांनी डोकावू नये, हे योग्यच. पण इमारत इतकी पारदर्शक की बाहेरूनही बरेच उमगते. वरच्या मजल्यांवर दोन वर्गांच्या मध्ये दक्षिणेकडे उघडणारी सामाईक गच्ची आहे. हवा चांगली असली की वर्ग तिथे बसावा, ही योजना. खांब कोपऱ्यांत नाहीत, बाजूंच्या मध्यावर आहेत. त्यामुळे कोपरे मोकळे राहून तिथूनही प्रकाश आत येतो. भिंतींच्या जागी मोठमोठ्या पोलादी चौकटींच्या उघडत्या खिडक्या आहेत.

डाउकर यांचीच दुसरी वास्तू हिल्व्हर्सम गावाबाहेरच्या झाडीत आहे. ‘झोनेस्ट्राल’, म्हणजे सूर्यकिरण, हे १९२८ साली उघडलेले क्षयरुग्णालय. त्यामागे हिरे घासणाऱ्या कामगारांची संघटना होती. हिरा घासताना तो तांब्याच्या दांडीवर बसवलेला असे. झिजून टाकाऊ झालेल्या या दांड्या कामगारांनी गोळा केल्या, विकल्या आणि त्यातून आरोग्यनिधी उभारला. बंद, धुळकट कारखान्यांत राबणाऱ्या माणसांनी मोडीच्या तांब्यातून स्वतःसाठी ऊन आणि हवा विकत घेतली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

या दोन्ही वास्तू मला दाखवल्या त्या माझ्या भाचीने. शाळेची रचना आणि मुलांचे स्वास्थ्य यांचा संबंध हा तिच्या पीएच.डी.चा विषय. ती निघाली तेव्हा माझ्या आईने विचारले होते, “शाळेच्या खिडक्या मोजायला कोण गं पैसे देतं?” प्रश्न भाबडा वाटला तरी मर्मावर बोट ठेवणारा आहे. नव्या औषधाच्या संशोधनामागे ते विकू पाहणारी कंपनी उभी राहते. खिडकीतून येणाऱ्या उजेडाचे पेटंट कोणालाच घेता येत नाही. म्हणून अशा संशोधनाचा भार सार्वजनिक निधीवरच पडतो. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारे बहुतेक विद्यार्थी विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात. आपल्याकडे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. तेवढ्यावर एखादी जिद्दी मुलगी वर्गावर्गांतून प्रकाश, तापमान आणि हवा मोजत हिंडू शकते.

अशा मोजणीतून काय हाती लागते? इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २७ प्राथमिक शाळांतील १५३ वर्ग आणि ३,७६६ मुले यांचा अभ्यास केला. हा खर्चही तिथल्या सरकारी संशोधन परिषदेने उचलला. २०१५ साली आलेला निष्कर्ष असा की, वर्षभरातील प्रगतीत मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे १६ टक्के भाग वर्गाच्या भौतिक रचनेशी निगडित आहे. त्यातही जवळपास निम्मा वाटा उजेड, तापमान, हवा अशा नैसर्गिक घटकांचा. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू शहरातून दुसरा अभ्यास आला. पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे जादा मैदानावर नेले, तेव्हा तीन वर्षांत नव्याने जवळची दृष्टी, म्हणजे मायनस नंबर, लागण्याचे प्रमाण ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के राहिले.

हे सारे ज्येष्ठांच्या घरालाही लागू आहे. साठीत डोळ्याची बाहुली आकसते, भिंग पिवळसर होते आणि विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाशच दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. तरीही अनेक घरांत आजी-आजोबांची खाट सर्वांत अंधाऱ्या, आतल्या खोलीत असते. १९८४ साली रॉजर उल्रिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयातील नोंदी अभ्यासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्ण अवघे ४६ होते, हे लक्षात ठेवावे; पण खाट फिरवायला खर्च येत नाही, हेही.

एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. ऊन-हवा हा आज क्षयाचा उपचार नव्हे. औषधे ठरलेल्या मुदतीपर्यंत घेतलीच पाहिजेत. मात्र खेळत्या हवेने संसर्गाची शक्यता कमी होते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे करावे: ज्येष्ठांची खुर्ची सकाळी खिडकीशी न्यावी, खाटेवरून बाहेरचे काही हिरवे दिसेल असे पाहावे, रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा. आणि आजी-आजोबांनी नातवंडांच्या शाळेतील पालकसभेला अवश्य जावे. गुणपत्रक पाहून झाले की वर्गाच्या खिडक्या उघडतात का, हे एकदा उठून, हाताने ढकलून पाहावे.