पड रान

खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला आमचे तीन एकर भाताचे रान. वडील गेले, मी शाळेत गुंतलो आणि बारा वर्षे ते पड राहिले. बांध फुटले, रानमोडी माजली. २०२० साली कर्नाटकात बिगरशेतकऱ्यांना शेतजमीन घेण्याची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी माझा एक जुना विद्यार्थी पत्नीसह दारात उभा राहिला. तो इंजिनिअर, ती दंतवैद्य.

"सर, रान द्याल?"

कानडी खरेदीखतावर सही करताना पोटात कालवले.

पहिले वर्ष त्यांनी भाताचे नाव काढले नाही. रानमोडी मुळासकट खणली, बांध घातले, ताग पेरून फुलोऱ्यावर येताच गाडला. गाव हसले. खरे सांगायचे तर मीही हसलो.

तिसऱ्या वर्षी भात निसवले. सुगीला तिने नव्या तांदळाची पिशवी हाती दिली. "सर, आधी तुमच्या देवाला."

'शेतकऱ्याचे मनोगत' हा निबंध मी तीस वर्षे मुलांकडून लिहवून घेतला. त्यानेही लिहिला होता. दहापैकी आठ गुण दिले होते. दोन कशाचे कापले, तेवढे आता आठवत नाही.