चाकांवरील बिऱ्हाड

अमेरिकेंत पॅसिफिक महासागराच्या कांठानें वृद्ध जोडपीं निजण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोटारींतून हिंडतात, हें चिरंजीवांकडून ऐकल्यापासून आमचें मन तेथेंच घुटमळत होतें. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं अशा कॅरॅव्हान-पर्यटनाचें धोरण आंखलें. शेवटीं तसलीच एक गाडी चालकासह भाड्यानें घेऊन आम्हीं विश्रामबागेहून सपत्नीक प्रस्थान ठेविलें.

आंबा घाट उतरून रत्नागिरी गांठली. पुढें आरे-वारेचा रस्ता! एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास खालीं पसरलेला समुद्र. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम सीतेस विमानांतून समुद्र दाखवितो, तो प्रसंग आम्ही रंगून सांगूं लागलों. मागें वळून पाहतों, तों सौभाग्यवती वळणावर घरंगळलेले डबे गोळा करीत होती.

गणपतिपुळ्यास रात्रीं आम्हीं खिचडीची इच्छा दर्शविली. ती शांतपणें म्हणाली, "अहो, एवढ्या मोठ्या घरांत चाळीस वर्षें ओट्याशींच उभी आहें. तोच ओटा तुम्हीं समुद्रावर आणलात!"

आम्ही निरुत्तर झालों. (व्याकरणांत आम्हांस कोणी निरुत्तर केलें नव्हतें.)

दुसऱ्या दिवशीं शेगडी पेटलीच नाहीं. जयगडास गाडी फेरीबोटींत चढवून खाडी ओलांडली, तवसाळास उतरलों. गुहागरास खाणावळींत घावन खाल्लें. धोपाव्याहून पुन्हां बोट. वाशिष्ठीच्या मुखाशीं ती कठड्याला धरून उभी होती. पदर वाऱ्यावर, भान कशाचेंच नाहीं. आम्हीं रघुवंश काढला नाहीं.

दाभोळास चहा आम्हीं केला. साखरेचा डबा कोठें, हें मात्र विचारावें लागलें.