मांगरामागची करवत

कोकणात घर बांधायचं तर आधी झाड बघायचं, मग गवंडी. कणकवलीच्या आसपासच्या आमच्या गावांत 1960च्या दशकापर्यंत हाच क्रम होता. खांबांना ऐन किंवा किंजळ, दारांना आणि चौकटींना फणस, माळ्याच्या फळ्यांना आंबा. कुठलं झाड कधी तोडायचं हे घरातल्या जाणत्यांना पाठ असे. पावसाळा सरला की काळोख्या पंधरवड्यात कुऱ्हाड चाले. आंब्याला कीड फार लवकर धरते, म्हणून त्याचे ओंडके वहाळाच्या पाण्यात बुडवून ठेवत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर काढत.

मग करवतवाले येत. उंच घोडी बांधून तिच्यावर ओंडका चढवायचा, काळी केलेली दोरी ताणून सूत मारायचं, एक माणूस वर, एक खाली. वरच्याने रेघ सांभाळायची आणि खालच्याने डोळ्यांत भुसा घेत ओढायचं. एका मोठ्या फणसाच्या फळ्या पाडायला त्यांचा मुक्काम आठवडाभर हलत नसे. जेवण घरचं, झोप ओटीवर. अंगमेहनतीचं इतकं कठीण काम मी शेतीतही पाहिलेलं नाही.

या कष्टांवर उपाय म्हणून थोरल्या काकांनी जुनी सॉमिल विकत आणली. कोल्हापुरातली एक वखार बंद पडली होती. तिथलं लोखंडी बेंच, तीन फुटी गोल पातं, धुरा, पुल्या आणि दहा अश्वशक्तीचं डिझेल इंजिन असा सगळा संसार ट्रकमध्ये भरून फोंडा घाटाने खाली उतरला. इंजिन कोल्हापूरच्याच ओतकामाचं होतं. किर्लोस्करांनी 1946 साली पुण्याला खडकीत इंजिनांचा कारखाना उभा केला होता, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिरांनीही आपल्या भट्ट्यांवर इंजिनं घडवून दाखवली होती. घाटावर ती विहिरीवर बसत. आमच्याकडे त्यातलं एक करवत फिरवायला आलं.

जागा ठरली मांगरामागची, कारण तिथे गाडीवाट होती आणि उतार असा की वरून ओंडका लोटला की बेंचाशी येऊन थांबावा. यंत्र विकत घेणं सोपं, बसवणं अवघड. हे बसवणं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आणि आजही त्याचा एकेक टप्पा मला आठवतो.

आधी इंजिनाचा पाया. कमरेएवढा खोल खड्डा, तळाशी जांभ्याचे तुकडे, वर काँक्रीट आणि त्यात उभे धरलेले बोल्ट. एका सिलिंडरचं इंजिन प्रत्येक ठोक्याला हिसका देतं, म्हणून त्याच्या पायात कंजुषी केली तर महिनाभरात बोल्ट ढिले पडतात. काँक्रीट मुरेपर्यंत काकांनी इंजिनाला हात लावू दिला नाही. तोवर बेंचाचं काम चाललं. धुऱ्याच्या बेअरिंगांतला पांढरा धातू झिजून गेला होता. कणकवलीहून एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी जुना धातू कढईत वितळवला, थोडा नवा घातला. धुरा दिव्याच्या काजळीवर धरून काळा केला, म्हणजे ओतलेला धातू त्याला चिकटत नाही. मग तो जागेवर ठेवून भोवती माती लिंपली आणि एका धारेत धातू ओतला. थंड झाल्यावर धारदार पात्याने खरवडत खरवडत धुरा बोटाने फिरेल इतका सैल केला. त्या माणसाचं शिक्षण किती झालं होतं मला ठाऊक नाही, पण त्याच्या हातात जे होतं त्याला मी विद्याच म्हणेन.

इंजिन आणि बेंच यांच्यात पाचेक मीटर अंतर ठेवलं, कारण पट्टा लांब असला तर पुलीवर नीट धरतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आणायला एक साधी सुतळी पुरली. ती दोन्ही पुल्यांच्या कडांवरून ताणायची आणि चारही ठिकाणी टेकली पाहिजे. एका जागी केसभर फट दिसली तरी मिस्त्री बेंच पुन्हा सरकवायला लावत. पट्टा जोडला तेव्हा पातं उलट फिरेल असं लक्षात आलं, मग पट्टा मधे पिळून आठाच्या आकड्यासारखा घातला. पट्टा सुटू नये म्हणून त्याला राळ चोळत, आणि त्या तापलेल्या राळेचा वास पुढे कित्येक वर्षं मांगराला येत होता.

हिशेबही आमच्यासमोरच झाला. इंजिनाचे मिनिटाला साडेसहाशे फेरे, त्याची पुली वीस इंची, पात्याची तेरा इंची. म्हणजे पातं मिनिटाला हजार फेरे घेणार. तीन फुटी पात्याची कड त्या वेगाला मिनिटाला सुमारे साडेनऊ हजार फूट धावते. याहून फार जास्त वेग झाला तर पातं तापून लवतं, फार कमी झाला तर दात लाकडात अडकतात. गणितातला परीघ मी शाळेत शिकण्याआधी इथे शिकलो.

ज्या दिवशी पहिला ओंडका चढला, त्या दिवशी अर्धी वाडी जमली होती. काकांनी हँडल मारलं, झडपेचा खटका सोडला, इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडू लागलं. पात्याचे दात दिसेनासे झाले आणि नुसती एक चकचकीत कड उरली. मिस्त्रींनी मला दंडाला धरून मागे ओढलं, "झिला, लांब रव." त्या काळी पात्यावर कसलंही झाकण नव्हतं. पुढच्या काळात शेजारच्या गावांतल्या सॉमिलींवर बोटं गमावलेली माणसं मी पाहिली, म्हणून जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही.

लाकूड मोजायची रीत मात्र मला अजूनही सुंदर वाटते. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळायची, तिची दोनदा घडी घालायची म्हणजे घेराचा चौथा हिस्सा मिळतो. त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. पाच फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने साडेपंधरा घनफुटांच्या थोडा वर भरतो. खरं घनफळ वीसच्या जवळ जातं. मधला फरक सालीचा, कडांचा आणि भुशाचा धरलेला असे. म्हणजे मोजतानाच वाया जाणारं वजा झालेलं असायचं, आणि ज्याचं झाड त्याला ते पटलेलं असायचं.

वाया तरी काय जात होतं? सालीकडच्या कडा गोठ्याला आणि वईला लागत. भुसा न्यायला वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन येत. पत्र्याच्या शेगडीत मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. एकदा भरलेली शेगडी भाताची पेज, आमटी आणि आंघोळीचं पाणी एवढं सगळं तापवून देई. फणसाचा भुसा पिवळाधमक असतो. आमची आजी तो वेगळा काढून ठेवायला लावी, कारण त्याला धूर कमी असतो असं तिचं मत होतं.

आगोटीच्या दिवसांत मांगरामागे रांग लागे. एखाद्याच्या गाडीला जूं हवं, कुणाला दाराची फळी, कुणाच्या लग्नासाठी पाट हवेत. पैसे सगळ्यांकडे नसत. बरेच जण पाचवा-सहावा नग ठेवून जात, काही जण भातकापणीला हात देत. महत्त्वाची गोष्ट ही की झाडाचा मालक फळी पडताना समोर उभा असे. आतली गाठ दिसली की तो सांगे, इथे वीस वर्षांपूर्वी फांदी मोडली होती. आपल्या दाराच्या फळीत कुठली फांदी होती हे माहीत असणारी पिढी मी पाहिली.

याच काळात मोठ्या वखारी मात्र दुसरंच काम करत होत्या. रात्रंदिवस ट्रक भरून साग, ऐन, किंजळ घाटावर जात होता. डोंगर उघडे पडत होते. महाराष्ट्रात 1964 साली झाडतोडीचं नियमन करणारा कायदा आला. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं मालकीच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडायला बंदी आली. पुढे 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने देशभरातल्या आरागिरण्यांचं चित्र बदललं. 2002 साली न्यायालयाने सांगितलं की केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय कुठल्याही राज्यात नवी सॉमिल उघडायची नाही. 2016 साली केंद्राने लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि परवान्यांचं काम राज्यस्तरीय समित्यांकडे दिलं. काकांची सॉमिल न्यायालयाच्या या आदेशांच्या बरीच आधी थांबली होती. वीज आली, तालुक्याला मोठ्या यंत्रावर काम होऊ लागलं आणि इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले. पट्टा उंदरांनी खाल्ला. बेंच मात्र होतं तिथेच राहिलं.

2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. सिंधुदुर्गातल्या बागांत किती झाडं उलथली ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल. आमचा खळ्यालगतचा फणस मुळासकट आडवा झाला. तीन माणसांच्या कवेत न मावणारं झाड. चारच दिवसांत लाकूड व्यापारी दारात आले. ते टनावर भाव बोलत होते. जळाऊ लाकडाचा भाव, भट्टीत जाळायचा. ज्या फणसापासून पूर्वी देवघराची दारं होत, तो वजनावर जाळायला जाणार हे ऐकून माझा पुतण्या उठला आणि मांगरामागचं रान तोडू लागला. त्याच्या मनात तीच जुनी करवत पुन्हा उभी करायची होती.

त्याने बेंच उघडं केलं. लोखंड जाड होतं, तारेच्या ब्रशने घासल्यावर ओतकाम शाबूत निघालं. धुरा फिरला. इंजिनाऐवजी मोटर, कातडी पट्ट्याऐवजी व्ही-बेल्ट, पात्यावर झाकण, असा त्याचा बेत पक्का होता. पण परवान्याशिवाय सॉमिल चालवता येत नाही, स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पडलेल्या झाडासाठीही नाही, हे त्याला चौकशी केल्यावर कळलं. तो हिरमुसला. मला विचाराल तर नियम का आला हे मला समजतं. उघडे पडलेले डोंगर मी पाहिले आहेत. मालकीच्या झाडाच्या आडून रानातलं लाकूड कापलं जातं हेही खरं. तरी वादळाने पाडलेल्या घरच्या झाडाला आणि डोंगरावरून चोरून आणलेल्या सागाला एकाच मापाने मोजलं जातं, ते मला पटत नाही.

शेवटी रीतसर कागद करून, वाहतुकीचा पास घेऊन ओंडके तालुक्याच्या परवानाधारक गिरणीत नेले. तिथे पट्ट्याची करवत, म्हणजे बँड सॉ, उभी आहे. ट्रॉलीवर ओंडका बसवतात, बटण दाबतात आणि पाव तासात एक ओंडका मोकळा होतो. आमच्या गोल पात्याची चीर दोन सुतांची असे, म्हणजे पाव इंच. बारा इंची नगातून एक इंचाच्या नऊ फळ्या निघत आणि दहावी पाऊण इंचाची. बँड सॉची चीर दोन मिलिमीटरच्या आसपास, तिथे त्याच नगातून अकरा फळ्या निघतात. लाकूड वाचवण्यात नवं यंत्र जुन्याच्या कितीतरी पुढे आहे. बोटंही वाचतात, खालच्या माणसाचे डोळेही.

पण त्या गिरणीत आमच्यापुढे कुणाचाच ओंडका दारासाठी नव्हता. बहुतेक कापणी पेट्यांच्या पट्ट्यांची चालली होती. गावातली नवी घरं पाहा, दारं कारखान्यातून येतात, कपाटं प्लायवुडची. पातळ पदर आडवे-उभे चिकटवलेलं प्लायवुड सरळ राहतं, स्वस्त पडतं, हे मान्य. आमच्या दमट हवेत मात्र त्याचे पदर सुटताना मी घराघरांत पाहतो, आणि त्याच घराच्या परसात फणस उभा असतो. माझं ठाम मत आहे की आपण लाकडाचं कामच विसरत चाललो आहोत. झाड उभं असतं, यंत्र तालुक्याला असतं, आणि मधला जाणता माणूस गेलेला असतो. पुतण्याला फळ्या कशा रचायच्या हे सांगायला घरात मी एकटाच उरलो होतो, आणि मीही ते काकांचं बघूनच शिकलेलो.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या बागेतला फणस किंवा आंबा वाऱ्याने पडला तर तो पहिल्या व्यापाऱ्याला टनावर देऊ नका. आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन कागद करा. परवाना असलेल्या गिरणीत स्वतः उभे राहून फळ्या पाडून घ्या, इंच-दीड इंचाच्या. टोकांना तेलरंग फासा, म्हणजे ती तडकत नाहीत. मग सावलीत, जमिनीपासून हातभर उंच, प्रत्येक दोन फळ्यांत सारख्या अंतरावर पट्ट्या घालून रचा आणि वर वजन ठेवा. इंचभर जाडीच्या फळीला सुकायला साधारण एक वर्ष द्या, आणि त्या वर्षात एखादा चांगला सुतार शोधून ठेवा.